गावातल्या जुन्या लढाऊ विमानाची डागडुजी कशी करायची: पेंटचा डबा आणायच्या आधी हे वाचा

विमानाचं काम आमच्याकडं रोज येत नाही, कुपवाड एमआयडीसीत डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर, कधीतरी एसटीची बॉडी. पण संस्थेच्या आवारात उभं असलेलं लढाऊ विमान रंगवायचा फोन आला की तो हमखास पंधरा ऑगस्टच्या आठवडाभर आधी येतो आणि पहिलाच प्रश्न असतो "किती लिटर लागंल?" तर विमानाच्या कामात रंग सगळ्यात शेवटी येतो, त्याच्या आधी किमान चार-पाच कामं असतात आणि ती न करता वरनं चकाचक पेंट मारला तर आतनं विमान सडत राहतं आणि बाहेरनं कुणाला कळतसुद्धा नाही. हा लेख सातारा-सांगलीकडच्या शाळा, कॉलेज, माजी सैनिक संघटना असल्या लोकांसाठी आहे ज्यांच्या दारात असं विमान उभं आहे किंवा येणार आहे. उडवायचं नाही, नीट उभं ठेवायचंय, एवढंच धरून चाला.

पहिलं काम कागदाचं. दारात विमान उभं आहे म्हणजे ते तुमच्या मालकीचं झालं असं नाही, बहुतेक वेळा ते हवाई दलाने प्रदर्शनासाठी दिलेलं असतं आणि त्याच्या अटी एखाद्या जुन्या फाइलमध्ये पडलेल्या असतात. मुख्याध्यापकांना किंवा ऑफिसच्या क्लार्कला पटवून ती फाइल आधी काढा. त्यात विमानाचा नंबर, कुठल्या तळावरनं आलं, काय काढून घेतलंय (इंजिन, तोफा, सीटमधली स्फोटकं) हे लिहिलेलं सापडू शकतं. फाइल नसेल तर संस्थेच्या लेटरहेडवर हवाई दलाला रीतसर पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत पाना-स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा, फोटो काढायला मात्र कुणाची हरकत नसते.

मग विमान नेमकं कुठलं ते शोधायचं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेचं काम हेच. शेपटाजवळ रंगवलेल्या नंबरावर लगेच विश्वास ठेवू नका. मागच्या पेंटरनं अंदाजानं मारलेला असू शकतो, नायतर जुना अर्धवट पुसला गेला म्हणून तीनाचा आठ झालेला असतो. खरा नंबर डेटा प्लेटवर असतो, म्हणजे छोटी पत्र्याची पट्टी, कॉकपिटमध्ये, चाकांच्या खाचेत किंवा एखाद्या झाकणाच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेली. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन जा, पट्टी घासू नका, ओल्या कापडानं हलकं पुसा आणि टॉर्च बाजूनं तिरकी धरून फोटो काढा, तिरक्या उजेडात पुसलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात. एकाच विमानावर दोन वेगळे नंबर सापडले तर गोंधळून जाऊ नका. सर्व्हिसमध्ये असताना एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावणं नेहमीचंच, त्यामुळं पुढचं धड एका विमानाचं आणि दरवाजे दुसऱ्याचे असं निघू शकतं, दोन्ही लिहून ठेवा.

नंबराला एवढं महत्त्व का, तर त्याच्याशिवाय तो नुसता एक सांगाडा आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हॉकर हरिकेन (महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) कितीतरी वर्षं पडून होतं, १९४७ साली इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकायला म्हणून दिलेलं. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर नावाचा एक इंग्रज माणूस जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत भारतात फिरत होता, त्याच्या नजरेस ते पडलं. नंबर निघाला आर४११८. त्या नंबरावरनं ब्रिटनमधल्या नोंदी काढल्या तर कळलं की हे १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे जर्मन हवाई दलाविरुद्धच्या लढाईत, ६०५ स्क्वाड्रनकडनं (हवाई दलाच्या तुकडीकडनं) लढलेलं विमान आहे, ४९ वेळा लढाईवर गेलेलं, आणि १९४३ च्या शेवटी जहाजानं भारतात पाठवलेलं. मग वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये ते इंग्लंडला गेलं आणि डिसेंबर २००४ मध्ये परत उडालं. ते उडवण्याचं काम म्हणजे त्याच कामाला वाहिलेला कारखाना आणि पाण्यासारखा पैसा, आपला तो विषयच नाही. पण आपल्याला घेण्यासारखं एक आहे की बनारसला कुणी ते भंगारात घातलं नाही आणि कापलंही नाही, म्हणून हे सगळं पुढं घडू शकलं.

आपल्याकडचंच दुसरं उदाहरण लिबरेटर बॉम्बरचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला ही चार इंजिनांची विमानं मुद्दाम निकामी करून टाकून दिलेली होती, परत कुणी वापरू नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली उडण्यापुरती दुरुस्त केली, जमशेद मुन्शी या टेस्ट पायलटनं ती एकेक करून बंगळूरला नेली, तिथं पूर्ण दुरुस्ती झाली आणि हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमला जे लिबरेटर मिळालं ते भारतानंच दिलेलं. म्हणजे टाकाऊ विमान उभं करायची विद्या आपल्याकडं नवीन नाही.

आता तुमच्या विमानाची सर्व्हिस कशी शोधायची. महायुद्धाच्या काळातलं असेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक्स, म्हणजे कामगिरीच्या नोंदवह्या, आहेत, एअर २७ या मालिकेत, बरीचशी ऑनलाइन मिळतात. स्वातंत्र्यानंतरचं असेल तर दिल्लीत पालमचं हवाई दलाचं म्युझियम, आणि नेटवर भारत-रक्षक या साइटवर विमानांच्या नंबरांप्रमाणे केलेल्या याद्या आहेत त्या आधी चाळा. पण आपल्या भागाचा खरा खजिना माणसांत आहे. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत जिथं घरटी माणूस फौजेत. लष्करातले जास्त हे खरं, पण हवाई दलातनं एअरफ्रेम फिटर, इंजिन फिटर, आर्मरर (तोफा-दारूगोळा सांभाळणारे) म्हणून रिटायर झालेले काकासुद्धा शोधले की सापडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही, तिथं जाऊन निरोप ठेवा. पायलट सापडला तर चांगलंच, पण माझं मत विचाराल तर फिटर जास्त कामाचा, कारण कुठलं झाकण कुठल्या स्क्रूनं उघडतं, पाणी कुठं साठतं आणि कुठं हात घालायचा नाही हे त्याला पाठ असतं. त्यांना भेटायला जाताना फोटो प्रिंट काढून न्या, मोबाइलच्या स्क्रीनवर म्हाताऱ्या डोळ्यांना रिव्हेट दिसत नाहीत.

पुढं उदाहरणासाठी मी नॅट हे जेट लढाऊ विमान धरतो, कारण ते छोटं आहे आणि डोक्यात मापं बसतात. पंखांचा विस्तार पावणेसात मीटरच्या आतबाहेर, रिकामं वजन सव्वादोन टनाच्या आत. इंग्लंडच्या फोलँड कंपनीचं डिझाइन, पण आपल्याकडं बंगळूरला एचएएलनं (हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं) बनवलं. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या विमानानं पाकिस्तानची सेबर जेट विमानं पाडली. ट्रेव्हर कीलर आणि डेन्झिल कीलर या सख्ख्या भावांना त्याच युद्धात वीरचक्र मिळालं. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर बोयऱ्याच्या आकाशात परत नॅट विरुद्ध सेबर झालं, आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों एकटे सेबरांच्या टोळीला भिडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र. उलट बाजूही सांगायला पाहिजे, १९६५ मध्ये आयई१०८३ नंबरचं एक नॅट पसरूरला, पाकिस्तानच्या धावपट्टीवर उतरलं, ते आज कराचीच्या म्युझियममध्ये आहे. नॅटच्या तोफा अडकायच्या, शेपटाच्या कंट्रोलचा आणि हायड्रॉलिकचा त्रास होता. हे सगळं बोर्डावर येऊ शकतं, नुसतं "शूर विमान" लिहून भागत नाही.

हात लावायच्या आधी धोके. इजेक्शन सीट (संकटात पायलटला बाहेर फेकणारी) असेल तर त्यात स्फोटक कार्ट्रिज असतात, कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडवायलाही काही विमानांत असतात. "काढलेत म्हणे" हे उत्तर चालत नाही, ज्यांनी काढले त्यांचा कागद पाहिजे. कागद नसेल तर कॉकपिटमध्ये कुणी बसायचं नाही, पोरांना सेल्फीसाठी तर अजिबात नाही, हवाई दलाची माणसं येऊन बघून जाऊ देत. दुसरं घड्याळं, म्हणजे डॅशबोर्डावरचे डायल. जुन्या डायलवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. आता चमकत नाही म्हणून संपला असं समजू नका, चमकणारं रसायन थकतं पण रेडियम तसंच राहतं, त्याचं निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काच फुटलेला डायल असेल तर हात न लावता जागा बंद करा आणि जाणकाराला बोलवा, काच शाबूत असेल तर उघडू नका, घासू नका. तिसरं, टाकीत इंधनाचा वास राहिलेला असतो, त्यामुळं विमानावर किंवा जवळ वेल्डिंग नाही. चौथं गांधीलमाशा. हसू नका, एअर इनटेकमध्ये (इंजिनाला हवा घ्यायच्या तोंडात) आणि शेपटाच्या पाइपात त्यांची पोळी हमखास असतात आणि शिडीवरनं माणूस पडतो तो बहुतेक यांच्यामुळंच.

विमान हलवायचं असेल तर थोडक्यात. पुण्याहून आणणार असाल तर लो-बेड ट्रेलर, आधी कुणीतरी मोटरसायकलवर रस्ता बघून यायचा, खंबाटकी घाट सगळ्यांना आठवतो पण विमान अडकतं ते गावात शिरताना, लाइटच्या वायरीत आणि कमानीत. क्रेनवाला साखर कारखान्यातला घ्या, त्यांना बोजड मशिनरी मिलिमीटरनं ठेवायची सवय असते. साखळी नाही, कापडी बेल्ट, आणि तोही धडावर जिथं उचलायच्या खुणा आहेत तिथंच, पत्रा नखाएवढा पातळ असतो.

आता धुणं. प्रेशर वॉशर लांब ठेवा, पाणी सांध्यांतनं आत घुसतं आणि आतच राहतं. साधा पाइप, मऊ ब्रश, आणि गाड्या धुवायचा न्यूट्रल शाम्पू. कपड्याची पावडर, सोडा, संडास साफ करायचं ॲसिड यातलं काहीही नको, ॲल्युमिनियमला सोडाही खातो आणि ॲसिडही खातं. कबुतरांची घाण कोरडी खरवडायची नाही, ती धूळ छातीत जाते, आधी ओलं फडकं घालून भिजू द्या, मास्क लावा, मग काढा. कॅनॉपीच्या पारदर्शक प्लास्टिकला थिनर, पेट्रोल, काचा पुसायचा स्प्रे लावला की बारीक बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत. फक्त पाणी, शाम्पू आणि सुती कापड.

धुताना खालनं बघायला एक माणूस बसवा. विमानाच्या पोटाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, माती आणि जुन्या पेंटनं ती बुजलेली असतात. बांबूच्या काडीनं मोकळी करा, खिळ्यानं नको. एखाद्या भोकातनं काळं पाणी भडाभडा आलं तर समजा इतकी वर्षं ते तिथंच साठून होतं, आणि गंज शोधायचा तर पहिला तिथंच शोधा. साताऱ्याकडं ही भोकं पावसाळ्यात दर आठवड्याला बघावी लागतात कारण तिथला पाऊस रिपरिप महिने न् महिने चालतो. सांगलीत पाऊस कमी पण नदीकाठी असाल तर पूर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. पुराचं पाणी शिरलं तर गाळ वाळायच्या आत चांगल्या पाण्यानं आतनं धुऊन काढायचं, एकदा वाळला की तो ओल धरून बसतो.

गंज ओळखायला शिका. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पांढरी पावडर असते आणि पेंटखाली फोड येतात. जाड भागांत धातू खारी बिस्किटासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटायला लागला असेल तर ते घासून जायचं नाही, तिथं वजन येत असेल तर इंजिनिअरला दाखवा. सगळ्यात जास्त गंज कुठं, तर जिथं ॲल्युमिनियमला लोखंड चिकटलंय. मागच्या कुणीतरी हरवलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू मारलेला असतो, किंवा विमान सरळ लोखंडी चॅनलवर ठेवलेलं असतं. दोन धातू आणि मध्ये पाणी म्हणजे बॅटरीच झाली, त्यात ॲल्युमिनियम मरतं. मध्ये नायलॉनचा वॉशर, स्टँडवर जाड रबराची पट्टी, एवढ्यानं मोठा फरक पडतो. टायरवर वजन ठेवू नका, जॅकिंग पॉइंटखाली स्टँड द्या, टायर नुसते टेकलेले दिसले तरी पुरे. आणि विमान बांधून ठेवा, पठारावर वारा कसा असतो ते चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघून लक्षात येईल, पंख असलेली वस्तू वाऱ्यात काय करते हे सांगायला नको.

इनटेक आणि पाइप बंद करताना सिमेंट, थर्माकोल, फोम नको, आत हवा खेळली पाहिजे. बारीक स्टीलची जाळी लाकडी चौकटीत बसवून लावा, पाखरं थांबतात आणि ओलही निघून जाते.

आता जुना पेंट. ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, सँडब्लास्टिंग यांना गेटच्या बाहेर ठेवा. विमानाच्या बऱ्याच पत्र्यांवर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, जाडीच्या साधारण पाच टक्के, आतल्या मजबूत मिश्रधातूला तोच गंजापासून वाचवतो. ग्राइंडर लावला की तो थर गेला आणि रिव्हेटची डोकीही गेली. पॉलिश पेपर पाणी घालूनच मारायचा, कारण खालचा हिरवट-पिवळा प्रायमर क्रोमेटचा असतो आणि त्याची कोरडी धूळ कॅन्सर करणारी. साधा कापडी मास्क चालणार नाही, फिल्टरवाला लावा, घासून निघालेला गाळ गोळा करून ठेवा, गटारात सोडू नका. पेंट रिमूव्हर वापरायचा असेल तर आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा, प्लास्टिकच्या पट्टीनं काढा, फायबरच्या नाकावर अजिबात लावू नका.

आणि सगळा पेंट काढूच नका. एका जागी रुपयाएवढा गोल हळूहळू घासत गेलं की एकाखाली एक थर दिसतात, वर कुणाचा तरी ऑइलपेंट, खाली हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज, त्याच्याखाली चंदेरी. हे असे गोल पाच-सहा ठिकाणी काढा, स्केल ठेवून उन्हात फोटो घ्या. नॅट १९६५ च्या युद्धात चंदेरी होती, १९७१ मध्ये कॅमोफ्लाजमध्ये होती, म्हणजे कुठल्या वर्षाचं विमान दाखवायचं हे आधी ठरवावं लागतं. विमान १९६५ नंतर बनलेलं असेल तर त्याला चंदेरी करून प्रसिद्ध पायलटचा नंबर मारणं माझ्या मते खोटेपणा आहे. समिती असा आग्रह धरते, मला माहीत आहे, वाद घाला.

पेंटिंग आमच्या धंद्यातलं, म्हणून सविस्तर. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दव उतरल्याशिवाय सुरू करायचं नाही, चार वाजता बंद. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा स्प्रे हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. आधी ग्रीस रिमूव्हरनं पुसा, एक कापड ओलं आणि एक कोरडं, कापडं सारखी बदला. मग इपॉक्सी प्रायमर, मग दोन पॅकचा पीयू (पॉलियुरेथेन). प्रायमर, हार्डनर, थिनर, टॉपकोट सगळं एकाच कंपनीच्या एकाच सिस्टीममधलं, इथनं एक तिथनं एक असं गोळा केलं की वर्षात पापुद्रे. उघड्या ॲल्युमिनियमवर सरळ ऑइलपेंट धरत नाही. पुट्टी भरून पोचे लपवू नका, पुट्टीखाली ओल बसते, शिवाय तो पोचा विमानाचा इतिहासही असू शकतो. पीयूचा हार्डनर फुप्फुसाला वाईट, पेंटरला चांगला मास्क द्या, तो नको म्हणाला तरी. फिनिश मॅट किंवा सॅटिन, लग्नाच्या कारसारखी चकाकी नको. ड्रेन भोकांत पेंट जाऊ नये म्हणून काड्या खोचून ठेवा आणि नंतर काढायला विसरू नका.

खुणांमध्ये सगळ्यात जास्त गडबड गोलाची होते. हवाई दलाच्या गोलात केशरी बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत. पेंटर कधीकधी उलटा, केशरी आत काढतो, उभं राहून बघा. महायुद्धातलं विमान असेल तर हा गोल चालणारच नाही, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या विमानांच्या गोलातला लाल काढून टाकलेला होता, जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी घोटाळा नको म्हणून, तिथं गडद आणि फिका निळा असायचा. बारीक अक्षरातल्या सूचना, "इथं पाय ठेवू नये", "इथं उचला" वगैरे, जुन्या पेंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून आधीच उतरवून घ्या, पेंट निघाला की त्या गेल्या. शार्कचे दात काढायचा मोह कुणाला तरी होतोच, फोटोत पुरावा असेल तरच काढा.

हरवलेलं झाकण किंवा दरवाजा नवीन करणार असाल तर करा, पण आतल्या बाजूला "नवीन बनवलं" आणि वर्ष कोरून ठेवा, पुढं कुणी अभ्यास करेल त्याला जुनं-नवं कळलं पाहिजे. आणि शेपटाखाली किंवा चाकाच्या खाचेत वीतभर जागा जुन्या पेंटसकट तशीच सोडा, वर नुसतं पारदर्शक कोटिंग.

बोर्ड लिहिताना सापडलेलं तेवढंच लिहा. नंबर, प्रकार, कुठं बनलं, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कधी इथं आलं, डागडुजी कधी केली आणि काय बदललं. युद्धात होतं याचा कागद नसेल तर "या प्रकारची विमानं १९७१ च्या युद्धात वापरली गेली" एवढं लिहिता येतं आणि ते खरंही असतं. बोर्ड स्टीलच्या खांबावर वेगळा लावा, विमानाला भोक पाडून स्क्रू मारू नका. शाळा असेल तर एनसीसीच्या पोरांना एक वही द्या, पावसाआधी, पावसात आणि दिवाळीनंतर भोकं, जाळ्या, रबर, दोऱ्या बघून तारीख-सही करायची. पुढचा पेंट पाच-सात वर्षांनी का दोन वर्षांनी करावा लागेल हे त्या वहीवरनंच ठरेल.